ऑपरेशननंतरचे सहा महिने

जळगाव किंवा धुळ्याचा रुग्ण मोठ्या ऑपरेशनसाठी मुंबईला निघाला की सारे घर हलते. भाऊबंद पैशांची जुळवाजुळव करतात, रात्रीच्या गाडीत तिघे-चौघे सोबतीला बसतात, दवाखान्यात आळीपाळीने जागरणे होतात. रुग्ण सुखरूप घरी येतो, देवाला नारळ फुटतो, पाहुणे भेटून जातात आणि सर्वांना वाटते, सुटलो! पण आजार स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा असेल तर निम्मे काम अजून बाकी असते. पुढचे सुमारे सहा महिने केमोथेरपीचे असतात आणि तेव्हा वडिलांजवळ किंवा आईजवळ बहुधा एकच माणूस उरतो. कधी मुलगा, कधी मुलगी, बरेचदा सून.

अनेकांनी या आजाराचे नाव प्रथम ऐकले ते गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजारपणात. 30 जानेवारी 2019 रोजी नाकात नळी असताना त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला आणि 17 मार्च 2019 रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हापासून हे नाव ऐकताच घरचे लोक हाय खातात. आजार कठीण आहे, यात शंका नाही. निदान होते तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस रुग्णांचेच ऑपरेशन करता येण्याजोगे असते. मात्र ज्यांचे ऑपरेशन झाले, त्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. 2018 साली फ्रान्स व कॅनडातील डॉक्टरांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशननंतर चार औषधांची नवी, कडक केमोथेरपी घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण साडेचार वर्षांनंतरही हयात होते. जुन्या, एका औषधाच्या उपचारात हाच काळ तीन वर्षांच्या आत होता. हे रुग्ण प्रकृतीने त्यातल्या त्यात धडधाकट होते, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येकाला ती औषधे झेपत नाहीत.

त्याआधीच्या एका युरोपीय अभ्यासातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. ऑपरेशननंतर केमोथेरपी बारा आठवड्यांपर्यंत केव्हाही सुरू झाली तरी फारसे बिघडत नाही. ती पूर्ण होण्याला अधिक महत्त्व आहे. म्हणून जखम भरेपर्यंत, अंगात थोडी ताकद येईपर्यंत थांबायला हरकत नाही. आणि औषध दवाखान्यात दिले जात असले, तरी ते पूर्ण होणे बरेचसे घरावर अवलंबून असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला प्रश्न जेवणाचा. या ऑपरेशनमध्ये स्वादुपिंडाचा भाग, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि पित्ताशय बहुधा काढून टाकतात. त्यामुळे अन्न, विशेषतः स्निग्ध पदार्थ, नीट पचत नाहीत. शौचाला फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारे होते आणि वजन उतरते. यावर डॉक्टर एन्झाइमच्या कॅप्सूल देतात. आपल्याकडे त्या पाचक गोळीसारख्या जेवण उरकल्यावर दिल्या जातात आणि मग उपयोग होत नाही. त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात. दुसरी चूक पथ्याची. येणारा प्रत्येक पाहुणा एकेक पदार्थ बंद करून जातो. तूप नको, दही नको, केळे तर नकोच! शेवटी ताटात मुगाचे पाणी तेवढे उरते. वजन उतरलेल्या माणसाला पुढचा डोस झेपत नाही. दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे द्यावे. मऊ खिचडी, दूध, अंडे, डाळीत कुस्करलेली दादरची भाकरी, जे रुचेल ते. ऑपरेशननंतर मधुमेह सुरू होऊ शकतो. म्हणून साखर तपासावी. पथ्य डॉक्टरांनी सांगितले तेवढेच पाळावे.

दुसरा प्रश्न तापाचा. घरात थर्मामीटर हवाच. केमोथेरपी चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइट किंवा अधिक भरला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री डॉक्टरांना कळवून दवाखाना गाठावा. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेततो. उलट्या-जुलाब झाले तर खानदेशच्या उन्हाळ्यात अंगातले पाणी झपाट्याने कमी होते, तेही लगेच कळवावे. काही औषधांनंतर थंड वस्तूला हात लावताच मुंग्या येतात, घसा आवळल्यासारखा वाटतो. तेवढे दिवस फ्रीजचे पाणी आणि कूलरचा थेट झोत टाळावा.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड, खरे सांगण्याचा. ‘अप्पांना सांगू नका, खचतील’ असे म्हणून फाइल लपवली जाते. पण केस गळतात, दर पंधरा दिवसांनी सलाईन लागते, शेजारी कुजबुजतात. अप्पांना सारे कळते. बोलायला मात्र कोणी नसते. आयुष्यभर शेती, दुकान, मुलींची लग्ने ज्याने निभावली, त्याला स्वतःच्या देहाबद्दल विचारायचे नाही, हा कुठला आदर? एका वेळी सगळे सांगू नका, पण विचारतील त्याचे खोटे उत्तर देऊ नका. डॉक्टरांनी डोस कमी केला किंवा आठवडाभर पुढे ढकलला, तर ती हार नव्हे. आणि सारे समजून घेतल्यावर त्यांनीच ‘आता बस’ म्हटले, तर डॉक्टरांसमोर बसून त्यावर शांतपणे बोलावे. रागावू नये, शपथा घालू नयेत.

राहिला सांभाळणाऱ्याचा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटून उपचार योजनेत बसतात का ते विचारावे. कॅन्सरच्या रुग्णाला व सोबतच्या एका माणसाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते. कागदांची ही धावपळ पुण्या-नाशिकच्या भावाने करावी, एका डोसची रजा धाकट्याने काढावी, रात्रीची एक पाळी लेकीने घ्यावी. भेटीला जाणाऱ्यांनी फळांच्या पिशवीऐवजी दोन तास द्यावेत. तेवढ्या वेळात त्या सुनेला निवांत झोप मिळाली, तर पुढच्या डोसच्या दिवशी तीच पुन्हा उभी राहणार आहे.