दोन मतांपैकी एक संभाजीनगरचे!

२० सप्टेंबर २०२३. संसदेच्या नव्या वास्तूत कामकाज सुरू होऊन जेमतेम दुसरा दिवस. लोकसभा आणि विधानसभांमध्ये स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवणारे नारीशक्ती वंदन विधेयक मताला टाकले गेले. बाजूने ४५४ मते पडली, विरोधात अवघी २. एरवी एकमेकांचे तोंडही न पाहणारे पक्ष त्या सायंकाळी एका बाजूला उभे होते. विरोधातले एक मत हैदराबादच्या असदुद्दीन ओवैसी यांचे होते. आणि दुसरे? ते होते छत्रपती संभाजीनगरचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांचे. ज्या वर्षी या शहराला जिजाऊंच्या नातवाचे नाव अधिकृतपणे लाभले, त्याच वर्षी स्त्रीच्या सन्मानाविरुद्ध पडलेल्या दोन मतांत त्याचे नाव नोंदले गेले. दैवदुर्विलास म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

या विधेयकाची वाट काट्यांची होती. १९९६ मध्ये ते प्रथम लोकसभेत आले. अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारने ते पुन्हा आणले, तेव्हा जुलै १९९८ मध्ये राष्ट्रीय जनता दलाच्या एका सदस्याने कायदामंत्र्यांच्या हातातील प्रत हिसकावून भर सभागृहात फाडली. मार्च २०१० मध्ये राज्यसभेने ते संमत केले; परंतु मित्रपक्षांच्या धाकाने मनमोहन सिंग सरकारने ते लोकसभेच्या दारापर्यंतही नेले नाही. सत्तावीस वर्षे रखडलेले हे काम नरेंद्र मोदी सरकारने तडीस नेले.

विरोधाचा बुरखा

ओवैसी-जलील यांचा आक्षेप असा की, विधेयकात इतर मागास आणि मुस्लीम स्त्रियांना वेगळा वाटा नाही. वरवर हा आक्षेप कळवळ्याचा वाटतो. खोलात गेले की त्यातील पोकळपणा उघडा पडतो. अनुसूचित जाती-जमातींना लोकसभेत राखीव जागा आहेत, म्हणून त्यांच्यातील स्त्रियांना त्यात एक तृतीयांश वाटा मिळाला. इतर मागासवर्गीयांसाठी लोकसभेत मुळातच राखीव जागा नाहीत. हा प्रश्न स्वतंत्रपणे मांडता येतो, त्यासाठी समस्त स्त्रियांचा हक्क अडवण्याचे कारण नाही. राहिला धर्माच्या आधारे जागा राखण्याचा मुद्दा. त्याचा निकाल संविधान सभेतच लागला आहे. विभक्त मतदारसंघांनी देश कोठे नेला, हे फाळणीने दाखवून दिल्यावर सभेने तो मार्ग कायमचा बंद केला. त्या सभेतील एकमेव मुस्लीम महिला सदस्य बेगम ऐझाज रसूल यांनीच धर्माधारित राखीव जागांना ठाम विरोध केला होता. त्या काळी एका मुस्लीम स्त्रीला जे उमगले, ते पाऊणशे वर्षांनंतर तिचे कैवारी म्हणवणाऱ्यांना उमगू नये? शिवाय ज्या पक्षाला मुस्लीम स्त्रीची एवढी चिंता, त्या एमआयएमने आजवर एक तरी स्त्री लोकसभेत पाठवली आहे काय? नाही. मग हा कळवळा कोणासाठी?

स्वतःच्या घरात डोकावताना

मात्र ओवैसींकडे एक बोट दाखवताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात, हेही पाहिले पाहिजे. २०१९ मध्ये जलील निवडून आले ते अवघ्या ४,४९२ मतांनी. चंद्रकांत खैरे पराभूत झाले आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव २ लाख ८३ हजारांहून अधिक मते घेऊन गेले. जातीच्या रुसव्याफुगव्यांत आणि गटबाजीत हिंदुत्वनिष्ठ मतदार विभागला गेला. चार वर्षांनी लोकसभेत पडलेले ते एक मत ही त्याचीच फलश्रुती होय.

याहून बोचणारे सत्य पुढेच आहे. स्वामी रामानंद तीर्थांसारखा हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा सेनानी १९५७ मध्ये लोकसभेत पाठवणाऱ्या या मतदारसंघाने १९५२ पासून २०२४ पर्यंतच्या अठराही लोकसभांत एकही स्त्री पाठवलेली नाही! मराठवाडा स्त्रीनेतृत्वाला पारखा आहे, असेही नाही. बीडने केशरबाई क्षीरसागर, रजनी पाटील आणि प्रीतम मुंडे यांना निवडून दिले. हिंगोलीने सूर्यकांता पाटील यांना पाठवले. लातूरने तर २००४ मध्ये भाजपच्या रूपाताई पाटील निलंगेकर यांच्या हातून शिवराज पाटील यांच्यासारख्या माजी लोकसभाध्यक्षांचा पराभव घडवला. मग मराठवाड्याची राजधानी म्हणवणारे शहरच मागे का?

दोष केवळ मतदाराचा नाही. १९८९ पासून एक १९९८ आणि दुसरे २०१९ असे अपवाद वगळता ही जागा सातत्याने भगव्या झेंड्याखाली राहिली. म्हणजे उमेदवार ठरवण्याची संधी हिंदुत्वनिष्ठ पक्षांना वारंवार मिळाली; प्रत्येक वेळी नाव पुरुषाचेच निघाले. २०२४ मध्ये संदिपान भुमरे यांनी जलील यांचा सव्वा लाखाहून अधिक मतांनी पराभव केला, हे समाधानाचे. पण त्या लढतीतील तिन्ही प्रमुख उमेदवार पुरुषच होते. प्रचारफेरीत पुढे चालायला, पाहुण्यांना ओवाळायला, घरोघरी पत्रके वाटायला माता-भगिनी हव्यात. तिकिटाच्या यादीत मात्र त्यांची आठवण होत नाही. निवडून आलेल्या नगरसेविकेच्या खुर्चीमागून तिचे पतिराजच कारभार हाकतात, हे चित्रही सर्वांच्या परिचयाचे आहे.

कायद्याची वाट कशाला?

वंदनीय मावशी केळकर यांनी १९३६ च्या विजयादशमीला वर्ध्यात राष्ट्र सेविका समिती स्थापन केली, तेव्हा कोणत्या कायद्याने त्यांना भाग पाडले होते? चिपळूणची कन्या सुमित्रा महाजन इंदूरमधून सलग आठ वेळा लोकसभेवर गेल्या आणि २०१४ ते २०१९ या काळात अध्यक्षपदी बसल्या, त्या कोणत्याही राखीव जागेवरून नव्हे. त्याच इंदूरच्या होळकर घराण्याच्या अहिल्यादेवींनी वेरूळचे घृष्णेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले. एका स्त्रीच्या कर्तृत्वाची ती साक्ष संभाजीनगरच्या उंबरठ्यावर उभी आहे. शहरातील भाविक श्रावणात तेथे रांगा लावतात. पण त्या साक्षीचा अर्थ मनी धरतात काय?

२०२३ च्या कायद्याने आपली अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडली. त्या सोपस्कारांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. १९५२ नंतरच्या लोकसभेत स्त्रिया क्वचितच सातवा हिस्सा ओलांडू शकल्या. २०२४ च्या निवडणुकीतही ५४३ पैकी ७४ जणीच निवडून आल्या. ही संख्या वाढवण्यास घटनादुरुस्तीची नव्हे, पक्षाच्या इच्छाशक्तीची गरज असते. शाळा, बँका, रुग्णालये, महिला मंडळे आणि सेवाकार्यांतून कसलेल्या कर्तबगार स्त्रिया या शहरात वाण नाहीत. त्यांतील एकीला कायद्याने सक्ती होण्याआधीच, सर्वसाधारण जागेवर, निवडून येण्याच्या खात्रीने उमेदवारी देणे हेच त्या एका विरोधी मताला खरे उत्तर ठरेल.

निषेधाची पत्रके काढणे सोपे. स्वतःच्या यादीत बदल करणे अवघड. संभाजीनगरच्या नावावरील तो डाग दुसऱ्याच्या निंदेने धुतला जाणार नाही. पुढच्या निवडणुकीत शाखाशाखांतून, घराघरांतून पक्षनेत्यांना एकच प्रश्न विचारला जावा: या वेळी तरी अहिल्यादेवींच्या लेकीला संधी मिळणार आहे का?