विश्लेषण : चार कोटी अंकांची मूळ संख्या सापडली... पण तिचा उपयोग काय?

आतापर्यंत ज्ञात असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडल्याची घोषणा २१ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली. या संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक या वेगाने ती न थांबता वाचली, तरी सुमारे ४७५ दिवस लागतील.

ही संख्या नेमकी कोणती?

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांशिवाय कशानेही नि:शेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. २ हा अंक १३,६२,७९,८४१ वेळा घेऊन गुणाकार करायचा आणि उत्तरातून १ वजा करायचा, की ही नवी संख्या मिळते. अशा रूपाच्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांचे नाव आहे. ३, ७, ३१, १२७ या त्यातल्या पहिल्या चार. मात्र दर वेळी हे जमत नाही. २ चा ११ वा घात उणे १ म्हणजे २०४७. ती २३ आणि ८९ यांचा गुणाकार निघते. आजवर अशा फक्त ५२ मूळ संख्या सापडल्या आहेत.

शोध कसा लागला?

ही शोधमोहीम जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केली. जगभरातील हौशी मंडळी आपल्या संगणकाचा रिकामा वेळ तिला देतात. २०१८ मधील आधीची विक्रमी संख्या २,४८,६२,०४८ अंकांची होती. या वेळी एनव्हिडिया कंपनीचे माजी कर्मचारी ल्यूक ड्युरांट यांनी १७ देशांतील ग्राफिक्स प्रोसेसर भाड्याने घेऊन कामाला लावले. घरच्या संगणकांची २८ वर्षांची मक्तेदारी त्यामुळे मोडली.

बँकेच्या व्यवहारांसाठी ती उपयोगी आहे का?

नाही. ऑनलाइन सुरक्षेच्या आरएसए पद्धतीत साधारण ३०० अंकी दोन मूळ संख्या गुणल्या जातात आणि त्या गुप्त असणे हीच सुरक्षेची हमी असते. जगजाहीर झालेली संख्या तिथे निरुपयोगी ठरते.

मग हा खटाटोप कशासाठी?

अशा प्रचंड आकडेमोडीत यंत्राची बारीकशी चूकही लपत नाही. १९९४ मध्ये जुळ्या मूळ संख्यांवर काम करताना अमेरिकी गणिती थॉमस नाइसली यांना पेंटियम चिप भागाकारात चुकत असल्याचे आढळले. पुढे इंटेलला सदोष चिप बदलून द्याव्या लागल्या.

कोणता प्रश्न अनुत्तरित?

मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केले. मर्सेन मूळ संख्याही अनंत आहेत का, हे मात्र आजही कुणी सिद्ध करू शकलेले नाही. बावन्नावी सापडली म्हणून त्रेपन्नावी असेलच, याची हमी गणित अजून देत नाही.