नेमाचा सिनेटर

अमेरिकेत निवडणूक लढविणे म्हणजे पैशाचा पूर. त्या पुरात विस्कॉन्सिन राज्याचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९७६ व १९८२ या दोन्ही निवडणुका प्रत्येकी २०० डॉलरहून कमी खर्चात जिंकल्या. त्यांनी देणग्या स्वीकारल्या नाहीत. उमेदवारीची नोंदणी आणि न मागता आलेल्या देणग्या परत पाठविण्याचे टपालहशील एवढाच खर्च, आणि तोही स्वतःच्या खिशातून.

गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत १९५२, १९५४ व १९५६ असे तीनदा ते पराभूत झाले होते. १९५७ मध्ये जोसेफ मॅकार्थी यांच्या निधनाने रिक्त झालेली जागा त्यांनी जिंकली आणि जानेवारी १९८९ पर्यंत सांभाळली. कर्जाचे खरे व्याज ऋणकोस स्पष्ट सांगावे, हा १९६८ चा कायदा आणि परदेशी अधिकाऱ्यांना लाच देण्यास मनाई करणारा १९७७ चा कायदा, या दोहोंमागे त्यांचे परिश्रम होते.

१९७५ पासून सरकारी उधळपट्टीला ते दरमहा एक उपरोधिक पुरस्कार देत. परंतु काटकसरीचा अभिमानही चुकू शकतो. एका शास्त्रज्ञाने बदनामीचा दावा लावला. सिनेटबाहेर पाठविलेल्या पत्रकांना घटनेचे संरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ठरविले. अखेर प्रॉक्समायर यांना १०,००० डॉलर द्यावे लागले आणि दिलगिरीही व्यक्त करावी लागली. दुसऱ्यांचा खर्च तपासणारे हे गृहस्थ आपल्या राज्यातील दुग्धव्यवसायाच्या सरकारी साहाय्याचे मात्र समर्थनच करीत, हेही नोंदविले पाहिजे.

तथापि त्यांची खरी कसोटी वेगळीच होती. वंशसंहाराविरुद्धचा १९४८ चा आंतरराष्ट्रीय करार सिनेटमध्ये मंजुरीविना पडून होता. जानेवारी १९६७ मध्ये त्यांनी नेम केला की, करार संमत होईपर्यंत सभागृह भरेल त्या प्रत्येक दिवशी याच विषयावर बोलायचे. अध्यक्ष बदलले, सहकारी निवृत्त झाले. नेम चालूच राहिला. १९ वर्षांत ३,२११ भाषणे झाली. फेब्रुवारी १९८६ मध्ये ८३ विरुद्ध ११ मतांनी करार संमत झाला.

३,२१० व्या भाषणापर्यंत त्यांच्या पदरात निकाल काहीच नव्हता. त्या दिवशी हिशेब मांडणाऱ्यास तो निव्वळ तोट्याचा व्यवहार वाटला असता. काही खाती अशीच असतात. त्यांत जमा एकदाच होते, आणि ती होईपर्यंत रोजची नोंद चुकवायची नसते.