तीन एकरांचा लॅपटॉप

बारावीचा निकाल लागतो, मुलीला किंवा मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळतो आणि आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या घराघरांत हल्ली एक नवा विषय निघतो. पूर्वी वसतिगृह, खानावळ आणि पुस्तके ठरली की चर्चा संपत असे. आता लॅपटॉप कोणता घ्यायचा, हा प्रश्न त्यात आला आहे. अकोला, अमरावती, नागपूर, पुणे, कुठेही जायचे असो, मुलांच्या मनात एक चित्र पक्के असते. वहीसारखा पातळ, उचलला तरी जाणवू नये इतका हलका, धातूच्या अंगाचा आणि पडद्यावर बोट ठेवताच हुकूम पाळणारा. मी निवृत्त शिक्षक, शिवाय लेखन संगणकावर करणारा. त्यामुळे सल्ल्यासाठी लोक माझ्याकडे येतात. रिसोडकडच्या एका वडिलांनी मध्यंतरी सगळा प्रश्न एका वाक्यात मांडला. म्हणाले, "सर, एवढा पातळ हाय, मंग चार वर्स टिकन का?"

ही चार वर्षे म्हणजे पदवीची चार वर्षे. माझ्या मते, वरच्या किमतीच्या अशा यंत्राकडे पाहण्याची याहून चांगली मोजपट्टी नाही.

आधी पैशांचे बोलू. असा चांगला लॅपटॉप सव्वा लाखाच्या आसपास जातो. आपण एक लाख वीस हजार धरू. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर केला. त्या भावाने या एका यंत्राचे साडेबावीस क्विंटल सोयाबीन होते. एकरी सात क्विंटल पिकले असे समजले, तर पेरणीपासून सोंगणी-मळणीपर्यंतचा खर्च न धरता तीन एकरांहून अधिक रानाचे पीक त्या बॅगेत जाऊन बसते. हमीभाव प्रत्यक्ष हातात पडतो की नाही, हे बाजार समितीत गाडी घेऊन उभे राहिलेल्यांना ठाऊकच आहे. तेव्हा ही खरेदी हौसेची म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

पण महाग म्हणजे वाईट, असेही मी म्हणणार नाही. या यंत्राचे गुण खरे आहेत. १९८१ साली आलेला ऑसबॉर्न हा उचलून नेता येणारा संगणक अकरा किलोंचा होता आणि त्याचा पडदा अवघा पाच इंचांचा. २००८ च्या जानेवारीत अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, तेव्हा त्याचे वजन १.३६ किलो होते. आज सव्वा किलोच्या आतबाहेर पूर्ण आकाराचा लॅपटॉप मिळतो. एसटीने रोज ये-जा करणाऱ्या, खांद्यावर पुस्तके आणि हातात डबा घेतलेल्या मुलीला हा एक किलोचा फरक विचारा. ती तो ग्रॅममध्ये सांगेल. बॅटरी दिवसभर टिकते, हा दुसरा गुण. वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या आपल्या भागात ही चैन म्हणता येत नाही.

आता स्पर्शाच्या पडद्याविषयी. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ८ आले आणि लॅपटॉपच्या पडद्याला बोट लावण्याची पद्धत सर्वत्र पसरली. मराठी माणसाला तिचा एक खास फायदा आहे, तो जाहिरातीत कोणी सांगत नाही. भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक १९९१ च्या भारतीय मानकात आहे, पण दुकानातल्या लॅपटॉपच्या कळांवर अक्षरे छापलेली असतात ती इंग्रजी. क, ख कुठे आहेत ते पाठ करावे लागते. पडद्यावरचा कळफलक मात्र बोटाखाली खरोखरीचा क दाखवतो. ज्यांना माउस कधी हाताळता आला नाही, पण मोबाइल सहज चालवता येतो, अशा घरातल्या आई-आजींनाही हे यंत्र परके वाटत नाही. नकाशा मोठा करून पाहणे, आकृतीवर बोट ठेवून समजावणे, पानामागून पान सरकवणे, ही कामे बोटाने सुरेख होतात.

मात्र याच पडद्याला मर्यादाही आहेत. उभ्या पडद्यावर बोट चालवायचे म्हणजे हात अधांतरी धरावा लागतो. थोड्या वेळाने खांदा भरून येतो. स्टीव्ह जॉब्ज यांनी २०१० साली हेच कारण देऊन लॅपटॉपला असा पडदा नाकारला होता. दिवसभर टंकलेखन करणारा माणूस पहिल्या महिन्याची नवलाई संपली की कळांकडेच परततो, हा माझाही अनुभव आहे. शिवाय हा पडदा बहुधा चकचकीत काचेचा असतो. दुपारी ओसरीवर बसून तो उघडा, लिहिलेल्या मजकुरापेक्षा स्वतःचा चेहरा अधिक स्पष्ट दिसतो.

पातळपणाची किंमतही अशीच हळूहळू कळते. कडेला जागा नाही म्हणून जोडणीची छिद्रे कमी केलेली असतात. अनेक यंत्रांत फक्त छोटे टाइप-सी भोक उरते. झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह, सेवा केंद्रातले अंगठ्याचे यंत्र, महाविद्यालयातला जुना प्रोजेक्टर यांपैकी काहीच त्यात थेट बसत नाही. मग जोडणीचा तुकडा वेगळा विकत घ्यायचा, आणि तो नेमका घरी विसरायचा!

त्याहून मोठा मुद्दा उन्हाचा. अ‍ॅपल आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही कंपन्या आपल्या अशा यंत्रांच्या वापरासाठी भोवतालच्या हवेची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगतात. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. यंत्र लगेच बंद पडते असे नाही, पण ते स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. पातळ अंगात हवा खेळायला जागाच कमी, काही यंत्रांत तर पंखाही नसतो. वारंवार तापल्याने लिथियमची बॅटरी लवकर म्हातारी होते. एप्रिल-मे हेच परीक्षेचे आणि प्रकल्प-अहवालाचे दिवस असतात, हे लक्षात घेतले म्हणजे या दोषाचे गांभीर्य कळते.

आणि शेवटी दुरुस्ती. जागा वाचवण्यासाठी अशा बहुतेक यंत्रांत स्मृती, म्हणजे रॅम, मुख्य पाटीवरच डाख देऊन कायमची बसवलेली असते. आज आठ जीबी घेतली तर चौथ्या वर्षीही आठच. पूर्वीच्या जाड लॅपटॉपमध्ये दोन स्क्रू काढून ती वाढवता येत असे. माझ्याकडच्या यंत्राच्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला. अधिकृत केंद्राने सांगितले की काच, स्पर्शाचा थर आणि पडदा एकजीव आहेत, सगळेच बदलावे लागेल. त्या खर्चात एक साधा नवा लॅपटॉप आला असता. तडा तसाच ठेवून मी लिहितो आहे.

हे अटळ आहे का? मुळीच नाही. यंत्रे उघडून पाहणाऱ्या आयफिक्सिट या अमेरिकी संस्थेने २०१७ साली मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या सरफेस लॅपटॉपला दुरुस्तीसाठी दहापैकी शून्य गुण दिले होते, कारण तो मोडल्याशिवाय उघडतच नव्हता. दोनच वर्षांनी आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीला पाच गुण मिळाले. यंत्र तितकेच देखणे राहिले होते. म्हणजे मनात आणले तर जमते.

आपल्या महाराष्ट्रातही एका वेगळ्या वाटेचा प्रयोग झाला होता. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतले हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैरात गावच्या प्राथमिक शाळेत आले. वजन दीड किलोच्या आत, पडदा भर उन्हात वाचता येणारा, कळफलक धूळ-पाणी आत जाऊ न देणारा रबरी. शंभर डॉलरचे स्वप्न होते, किंमत दोनशेच्या घरात गेली. वेगही बेताचाच होता आणि पुढे ती योजना विरली. पण ते यंत्र बनवणाऱ्यांनी आधी गाव पाहिले, ऊन पाहिले, धूळ पाहिली, आणि मग यंत्र आखले. आजची महागडी यंत्रे वातानुकूलित खोली डोळ्यांपुढे ठेवून आखली जातात आणि मग मंगरूळपीर-मानोऱ्याला येतात.

मग घ्यावे की नाही? रोजचा प्रवास आहे, वाचन-लेखन आणि थोडे प्रोग्रामिंग एवढेच काम आहे, आणि दुरुस्तीचे केंद्र असलेल्या शहरात मुलगी राहणार आहे, तर खुशाल घ्यावे. मात्र रॅम पहिल्याच दिवशी सोळा जीबीची घ्यावी आणि अपघाती नुकसानीचे संरक्षण सोबत घ्यावे, कारण नेहमीच्या हमीत फुटलेली काच येत नाही. जड आरेखनाचे काम असेल किंवा पैशांची ओढाताण असेल, तर अर्धा किलो जास्त वजनाचा, झाकण उघडून रॅम वाढवता येईल, बॅटरी बदलता येईल असा लॅपटॉप निम्म्या पैशांत अधिक प्रामाणिकपणे चार वर्षे काढील. स्पर्शाचा पडदा नसला तर शिक्षण अडत नाही. बिघडलेले यंत्र महिनाभर केंद्रात पडून राहिले तर नक्की अडते.

बैलबाजारात आपण केवळ कातडीची चमक पाहून बैल घेत नाही. दात पाहतो, खूर पाहतो, जुंपून चालवून पाहतो. लॅपटॉपच्या दुकानात मात्र आपण एकदम पाहुण्यासारखे संकोचतो. तिथेही चार प्रश्न विचारावेत. रॅम वाढवता येते का? बॅटरी कुठे आणि कितीला बदलून मिळते? पडदा फुटला तर खर्च काय? जवळचे केंद्र अकोल्यात की नागपुरात? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा असे विचारणे हा आगाऊपणा राहिलेला नाही. दुकानदाराला उत्तर देता आले नाही, तर त्यालाच ते कंपनीला विचारायला लावावे. तीन एकरांचे पीक मोजून देणाऱ्याला एवढा अधिकार आहेच.