माशांच्या खाद्यातील पावडर : घेण्याआधी विचारा

कापडाच्या धंद्यातील माणसाने माशांच्या खाद्यावर का लिहावे, असे वाचक विचारतील. कारण एवढेच की, आम्ही एका नातलगाच्या शेततळ्यांत भागीदारीने पैसे घातले आणि एन्झाइमच्या पावडरीवरचा खर्च अक्षरशः पाण्यात गेला.

एन्झाइम आम्हाला नवे नाही. ग्रे कापडावरची खळ काढायला प्रोसेसवाले ॲमिलेज वापरतात. पूर्वी आम्ल वापरीत. जरा चुकले की सूत कमजोर. ॲमिलेज फक्त खळ खाते, सुताला हात लावत नाही. मात्र बाथची उष्णता किंवा आम्लता बिघडली की तेही चालत नाही. हे ठाऊक असून तळ्यावर आम्ही विसरलो!

फिशमील महाग, म्हणून खाद्यात सोयाबीन-शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा जास्त असतो. त्यातील बहुतांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो. माशाला तो पचत नाही. तो विष्ठेवाटे तळ्यात उतरतो, पाणी हिरवे होते, पहाटे प्राणवायू कमी पडून मासे वर येऊन तोंड मारू लागतात. फायटेज हे एन्झाइम ती गाठ सोडवते. हाडे नीट वाढतात, वरून घालायचे खनिज फॉस्फेट कमी लागते. तेव्हा माल खोटा नाही.

आमच्या भागीदाराने ती पावडर उकळत्या लापशीत कालवली. उकळीत एन्झाइम मरते. खाद्य तयार होऊन थंड झाल्यावरच ते वरून चढवायला हवे होते. दुकानदाराने सांगितले नाही, आम्ही विचारले नाही.

आणखी एक बाब विकणारे सहसा सांगत नाहीत. रोहू, कटला, मृगळ यांना जठरच नसते, त्यामुळे त्यांच्या पोटात आम्लता नाही. बाजारातील बरेचसे फायटेज तर आम्लतेतच नीट चालते. पंगस, तिलापियाला जठर असते. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहूच्या पिलांवर प्रयोग झाले, त्यांत सायट्रिक आम्लाच्या जोडीने फायटेजचा गुण वाढलेला दिसला. म्हणजे एकच पावडर प्रत्येक माशाला सारखी लागू पडेल, असे नाही.

रीड-पीक विचारल्याशिवाय तागा न घेणारे आपण. मग किलोमागे युनिट किती, किती उष्णता सोसते, कोणत्या माशासाठी, हे न विचारता पोते का उचलावे? ज्या पोत्यावर हे छापलेले नाही ते आम्ही तरी घेणार नाही.

येत्या हंगामात दोन तळ्यांपैकी एकातच पावडर देणार आहोत. दोन्हीकडचे बीज सारखे, पेंड सारखी. खाद्य आणि मासळी दोन्ही तोलून वहीत मांडू, आणि हिशेब याच पानावर देऊ.