डॉ. ड्र्यू यांच्या मरणाची दंतकथा आणि त्यांचे खरे काम

१४ एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून रक्तदान शिबिरांचे फलक लागतात. जयंतीला नुसता गुलाल उधळण्यापेक्षा रक्त द्यावे, ही समज अनेक जयंती मंडळांना आली आहे आणि ती स्वागतार्हच आहे. पण शिबिरात दिलेले रक्त ज्या शिस्तीने गोळा होते, तपासले जाते, थंड ठेवले जाते आणि दूरच्या रुग्णापर्यंत पोहोचते, ती शिस्त घालून देणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील एक कृष्णवर्णीय सर्जन आघाडीवर होते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? डॉ. चार्ल्स रिचर्ड ड्र्यू हे त्यांचे नाव. १ एप्रिल १९५० रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, मोटार अपघातात त्यांचा अंत झाला.

त्यांच्याविषयी एक गोष्ट फार सांगितली जाते. ज्या माणसाने जगाला रक्तपेढी दिली, त्यालाच गोऱ्यांच्या दवाखान्याने रक्त नाकारले आणि तो दारात तडफडून मेला, अशी ती गोष्ट. अमेरिकेत ती अनेक वर्षे छापली गेली. आपल्याकडेही ड्र्यू यांचे नाव निघालेच, तर या गोष्टीसकट निघते. ऐकणाऱ्याचे रक्त उसळते, टाळ्या पडतात. पण ती गोष्ट खरी नाही. टस्कीगी येथील वैद्यकीय शिबिराला निघालेल्या ड्र्यू यांना नॉर्थ कॅरोलिनात पहाटेनंतर गाडी चालविताना डुलकी लागली आणि गाडी उलटली. बर्लिंग्टनच्या अलामान्स जनरल हॉस्पिटलात त्यांना नेण्यात आले. तेथील गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना ओळखले आणि शर्थीचे उपचार केले. जखमाच अशा होत्या की ते वाचू शकले नाहीत. त्यांच्यासोबत गाडीत असलेल्या डॉक्टर सहकाऱ्यांनीही हेच सांगितले आहे.

मग ही गोष्ट पसरली कशी? कारण ती ड्र्यू यांच्या बाबतीत खोटी असली, तरी त्या समाजाच्या बाबतीत खरी होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच भागात एक कृष्णवर्णीय विद्यार्थी, जो सैन्यात नोकरी करून आलेला होता, अपघातात जखमी झाला. मोठ्या विद्यापीठाच्या इस्पितळात त्याला नेले, तर 'काळ्यांच्या वॉर्डात खाट रिकामी नाही' म्हणून परत पाठविण्यात आले आणि तो मेला. हजारोंच्या वाट्याला आलेला हा अनुभव लोकांनी आपल्या सर्वांत मोठ्या डॉक्टरच्या नावावर चढविला, एवढाच त्याचा अर्थ.

आमचे म्हणणे असे आहे की, सत्य सांगायला आंबेडकरी माणसाने कधीही कचरू नये. बाबासाहेबांनी एकेक विधान पुराव्याने मांडले, म्हणूनच विरोधकांना ते खोडता आले नाही. खोट्या गोष्टीवर उभा केलेला संताप एका पुराव्याने कोसळतो. शिवाय या दंतकथेने एक मोठे नुकसान केले आहे. ड्र्यू मेले कसे, यावर बोलण्याच्या नादात ते जगले कसे, हे सांगायचे राहून गेले.

ते जगले कसे? ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टन शहरात त्यांचा जन्म झाला. वडील घरोघरी गालिचे बसविण्याचे काम करीत. आईने शिक्षिकेचे शिक्षण घेतले होते. खेळाच्या शिष्यवृत्तीवर पोरगा अॅमहर्स्ट कॉलेजात गेला. घरातील एक बहीण १९२० साली फ्लूच्या साथीत दगावली होती. डॉक्टर व्हायचे तर पैसा नव्हता, म्हणून दोन वर्षे बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात खेळ आणि विज्ञान शिकविण्याची नोकरी केली. नंतर कॅनडातील मॅकगिल विद्यापीठातून १९३३ साली ते १३७ विद्यार्थ्यांत दुसरे येऊन डॉक्टर झाले.

पुढे ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ज्या कोलंबियात १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकले, त्याच विद्यापीठाने १९४० साली ड्र्यू यांना वैद्यकातील 'डॉक्टर ऑफ सायन्स' ही पदवी दिली. ती मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता साठविलेले रक्त. रक्तातील पेशी वेगळ्या काढल्या, तर उरलेला प्लाझ्मा जास्त दिवस टिकतो, दूर पाठविता येतो, हे ज्ञान त्यांनी प्रत्यक्ष कामात उतरविले. हिटलरची विमाने इंग्लंडवर बॉम्ब टाकीत असताना १९४० च्या ऑगस्टपासून पाच महिने न्यूयॉर्कमध्ये 'ब्लड फॉर ब्रिटन' ही मोहीम चालली. तिची वैद्यकीय सूत्रे ड्र्यू यांच्याकडे होती. सुमारे साडेचौदा हजार लोकांनी रक्त दिले आणि त्यातून निघालेला पाच हजार लिटरहून अधिक प्लाझ्मा इंग्लंडला गेला. त्यानंतर रेड क्रॉसच्या रक्तपेढीचा पहिला प्रयोगही त्यांनीच उभा केला. रक्त गोळा करणारी फिरती गाडी त्याच काळातली.

आणि याच रेड क्रॉसने पुढे काय केले? आधी कृष्णवर्णीयांचे रक्त घ्यायचेच नाही, असे ठरविले. ओरड झाल्यावर जानेवारी १९४२ पासून घेतले, पण वेगळे साठविले. काळ्यांचे काळ्यांना, गोऱ्यांचे गोऱ्यांना. ज्यांच्या पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता, त्या आमच्या वाडवडिलांना हा न्याय ओळखीचा वाटला असता. रक्ताचे गट असतात, पण त्या गटांना कातडीचा रंग समजत नाही, हे तेव्हाच्या विज्ञानाला चांगले ठाऊक होते. ड्र्यू यांनी हे उघडपणे सांगितले. निषेध म्हणून त्यांनी राजीनामा फेकला, असेही सांगतात. तेही खरे नाही. १९४१ च्या वसंतातच ते ते काम सोडून परत गेले होते. कुठे गेले, हे समजून घेतले तरच ड्र्यू समजतात.

ते गेले वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आणि मुक्त झालेल्या गुलामांसाठी स्थापन झालेल्या फ्रीडमन्स हॉस्पिटलात. जगभर नाव झालेला माणूस आपल्या माणसांच्या अपुऱ्या साधनांच्या इस्पितळात मास्तर म्हणून परतला. कृष्णवर्णीय पोरांना सर्जन होण्यासाठी उमेदवारी करायला बहुतेक इस्पितळांची दारे बंद होती. ड्र्यू यांनी ठरविले की, दार उघडण्याची वाट पाहायची नाही, आपल्या घरातच असे सर्जन घडवायचे की त्यांना नाकारताना नाकारणाऱ्याचीच मान खाली जाईल. १९४१ ते १९५० या काळात अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कृष्णवर्णीय सर्जनांपैकी निम्म्याहून अधिक त्यांच्या हाताखाली तयार झालेले होते. या बोर्डाचे परीक्षक म्हणून नेमले गेलेले पहिले कृष्णवर्णीयही तेच. विद्यार्थ्यांकडून ते कसून काम करून घेत. त्याचबरोबर त्यांना कुठे जागा मिळते, कोण अडवितो, यासाठी झगडत. स्थानिक संघटनांच्या आडून कृष्णवर्णीय डॉक्टरांना बाहेर ठेवणाऱ्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनला १९४७ साली त्यांनी लेखी जाब विचारला. त्या संघटनेने या भेदभावाबद्दल माफी मागितली ती २००८ साली!

या सगळ्यात घर विसरले नव्हते. १९३९ साली त्यांनी स्पेलमन कॉलेजात शिकविणाऱ्या लेनोर रॉबिन्स यांच्याशी लग्न केले. तीन मुली आणि एक मुलगा झाला. थोरलीला लाडाने 'बीबी' म्हणत. ब्लड बँकेची ती दोन अक्षरे. वडील गेले तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. चार लेकरांना पुढे नेले ते लेनोर यांनी. त्यांची एक मुलगी, शार्लीन, मेंदूविज्ञानाची संशोधक झाली आणि नंतर वॉशिंग्टनच्या नगरपरिषदेवर निवडून आली. महापुरुषांच्या चरित्रात पत्नीला एक ओळ मिळते. रमाईची लेकरे असलेल्या आपल्याला तरी त्या ओळीमागचे कष्ट दिसले पाहिजेत.

आता प्रश्न आपल्याकडे वळतो. आज आपल्या समाजातही सर्जन आहेत, विशेषज्ञ आहेत, काहींची स्वतःची इस्पितळे आहेत. दुसरीकडे दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून आणि सहाध्याय्यांकडून कशी वागणूक मिळते, हे डॉ. सुखदेव थोरात समितीने २००७ सालीच लिहून ठेवले आहे. प्रवेश राखीव जागेतून मिळतो, पण ऑपरेशन टेबलाशेजारी उभे करून हातात चाकू देणारा गुरू राखीव जागेतून मिळत नाही. पदव्युत्तर वर्गात एकटे पडलेले आपले पोर रात्री कोणाला फोन करील? त्याच्या मार्गदर्शकाशी बोलायला कोण जाईल? त्याचा प्रबंध कोण वाचील? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत व्यक्त केली, ती आपण दरवर्षी ऐकवतो. ती ऐकून घरी जाणाऱ्या डॉक्टरांना आमचे एकच सांगणे आहे. देणगीची पावती फाडा, शिबिराला या, पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या हाताखाली आपल्या समाजाची किती मुले तयार झाली, हा आकडा स्वतःला विचारा. ड्र्यू यांना हा हिशेब मांडायला अवघी नऊ वर्षे मिळाली होती. आपल्याला त्याहून जास्त मिळाली आहेत.