हिस्पॅनिक लोकांचं उदाहरण देऊन रक्ताचे रिपोर्ट फेकून देऊ नका

"डॉक्टर, अमेरिकेतल्या हिस्पॅनिक लोकांची शुगर जास्त, चरबी जास्त, तरी त्यांना हार्ट अटॅक कमी येतात. मग या रिपोर्टला अर्थ काय?" हा युक्तिवाद हल्ली वरचेवर ऐकू येतो. तो ऐकून कोणी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करायला निघालं असेल, तर आधी हा लेख वाचा.

यातलं अर्धं खरं आहे. १९८६ साली मार्काइड्स आणि कोरिल या संशोधकांनी दाखवून दिलं, की गरिबी आणि इतर अडचणी असूनही अमेरिकेच्या नैऋत्य भागातल्या हिस्पॅनिक लोकांचं आरोग्य बऱ्याच बाबतींत गोऱ्यांच्या जवळपास आहे. पुढे हृदयविकाराच्या मृत्यूंतही तसंच चित्र दिसलं. यालाच 'हिस्पॅनिक विरोधाभास' म्हणतात. पण यावरून 'रक्तातले निर्देशक खोटे' असा निष्कर्ष काढणं साफ चूक आहे. का ते पाहू.

१. 'हिस्पॅनिक' हा एक वंश नाही
स्पॅनिश भाषेशी नातं असलेल्या अनेक देशांच्या लोकांवर अमेरिकेने लावलेली ही पाटी आहे. तिच्याखाली मेक्सिकन, क्यूबन, प्वेर्तो रिकन, डॉमिनिकन सगळे येतात. २००८ ते २०११ या काळात ब्रॉन्क्स, शिकागो, मायामी आणि सॅन डिएगो इथे अशा १६ हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. मधुमेहाचं प्रमाण दक्षिण अमेरिकी मुळाच्या लोकांत सुमारे १० टक्के, तर मेक्सिकन मुळाच्या लोकांत सुमारे १८ टक्के निघालं. एका पाटीखाली एवढा फरक असेल, तर त्या पाटीची सरासरी तुमच्या रिपोर्टला कशी लावणार?

२. सरासरी कमी म्हणजे कवच नव्हे
देश सोडून कामाला जाणारा माणूस बहुतेक धडधाकट असतो. मेक्सिकन मुळाच्या लोकांत धूम्रपान कमी आहे. कुटुंबाचा आधारही मोठा असावा, असं मानलं जातं. मृत्यू कमी असण्याची ही काही संभाव्य कारणं. पण त्याच समाजात एलडीएल, साखर आणि रक्तदाब जास्त असलेल्या माणसाचा धोका, ते ताब्यात असलेल्या त्याच्याच शेजाऱ्यापेक्षा जास्तच असतो. तुलना गोऱ्यांशी करायची नाही, ती याच शेजाऱ्याशी करायची. वरच्याच तपासणीत ८० टक्के पुरुषांत आणि ७१ टक्के स्त्रियांत हृदयविकाराचा किमान एक मोठा धोकाघटक सापडला. याला कवच म्हणायचं का?

३. खरा धोका 'नॉर्मल' एलडीएलमागे लपतो
हिस्पॅनिक रुग्णांत वारंवार दिसणारं चित्र असं: ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी, इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंद, आणि एलडीएल मात्र बरं. हेच चित्र आपल्याकडेही घरोघरी आहे, म्हणून हा भाग नीट वाचा. समजा एकूण कोलेस्टेरॉल २००, एचडीएल ३५ आणि ट्रायग्लिसराइड २५०. नेहमीच्या सूत्राने एलडीएल येतं ११५. रुग्ण खूश! पण एकूणातून एचडीएल वजा करा: १६५. हे नॉन-एचडीएल, म्हणजे धमनीत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल. ते १३० च्या आत असावं, आणि धोका जास्त असेल तर त्याहूनही कमी. या वजाबाकीला एक पैसाही जास्त लागत नाही.

आता दुसऱ्या टोकाला बसलेल्यांशीही भांडतो. 'हृदय पॅकेज' म्हणून डझनभर तपासण्या विकणं हा उपाय नाही. सीआरपी दाढ सुजली, सर्दी-ताप आला तरी वाढतं. १० च्या वर आलं तर बरं झाल्यावर पुन्हा करावं. होमोसिस्टीन जीवनसत्त्वांनी खाली आणता येतं, पण त्यामुळे हार्ट अटॅक कमी झाल्याचं मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. लायपोप्रोटीन-ए मात्र आयुष्यात एकदा करण्यासारखी तपासणी आहे. ती पातळी बहुतांशी आनुवंशिक असते आणि दक्षिण आशियाई लोकांत सरासरीने हिस्पॅनिक लोकांपेक्षा जास्त आढळते. म्हणजे त्यांच्या सरासरीचा दिलासा आपल्याला तर मुळीच लागू नाही.

वंशावरून धोका मोजण्याची पद्धत किती तोकडी होती, तेही पाहा. २०१३ च्या अमेरिकी सूत्रात फक्त गोरे आणि कृष्णवर्णीय होते. हिस्पॅनिक रुग्णाला गोऱ्यांच्या रकान्यात बसवावं लागे. २०२३ च्या 'प्रिव्हेंट' सूत्रातून वंशाचा रकानाच काढून टाकला. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान, मूत्रपिंडाचं काम अशा गोष्टी उरल्या, म्हणजे ज्या तुमच्या स्वतःच्या आहेत त्या.

तेव्हा जुना रिपोर्ट काढा आणि नॉन-एचडीएल स्वतः काढून पाहा. तो आकडा, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी आणि रक्तदाबाची नोंद घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो न विचारताच सांगा. आणि सुरू असलेली गोळी कुणाच्या सरासरीवर विसंबून परस्पर बंद करू नका.